कामिनीचा जन्मदाखला

पौषातली थंडी केळीला सोसत नाही. गारठा एकदा खाली उतरला की नवं पान पोंग्यातच अडकून बसतं, घड निसवून बाहेर पडायला उशीर होतो, आणि वरून करपा चढतो. त्या वर्षी तोतारामच्या अडीच एकरांत दोन्ही झालं होतं. उजाडायच्या आत बांधावर ओला पाचोळा पेटवून बागेत धूर सोडायचा, आणि ऊन वर आलं की करपलेली पानं कापून बाहेर काढायची, असा नवराबायकोचा आठ-दहा दिवसांचा क्रम चालला होता. शेत पहूरच्या पलीकडे, वाघूरच्या काठाला. नदीवरचा वारा सरळ बागेत शिरायचा.

धुरपदाबाई लांब काठीला बांधलेल्या विळ्यानं पानं उतरवत होती. लुगड्यावर तोतारामचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवलेला, डोक्याला फडकं. वर पाहून पाहून मानेची शीर धरली होती. केळीचा चीक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा आणि वाळून काळा पडायचा. मागून तोताराम ती पानं गोळा करून भारे बांधत होता. त्याच्या मागं कामिनी. ती प्रत्येक भाऱ्यातलं एखादं पान उचलायची, उन्हाकडं धरायची, डागांकडं भिंगातून बघायची, मग भारा डोक्यावर घेऊन चालू पडायची.

कामिनी पंचवीस वर्षांची. कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झाली होती, ती याच करप्याचा अभ्यास करून. महिन्यापूर्वी तिला बेल्जियममधल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती लागली होती. चार वर्षं तिथं राहून केळीच्या रोगावर संशोधन करायचं. राहण्या-जेवणाचा, शिकण्याचा, विमानाचा सगळा भार त्यांच्याकडं. गावात ही बातमी कळली तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो, तिकडं केळी पिकते का? पिकत नाही म्हटल्यावर लोक तोतारामकडं जरा कीव करून पाहू लागले. तिथं काचेच्या नळ्यांमध्ये जगभरातल्या केळीच्या जाती जिवंत सांभाळून ठेवल्यात, हे कामिनीनं पारावर दोनदा समजावून सांगितलं. मग तिनं सांगणं सोडून दिलं.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला ती भारा टाकून परत आली आणि आईजवळ उभी राहिली. हातात मोबाइल होता.

"आई, कागदांची यादी आली. बठ्ठे जमलेत, एकच राह्यला. जन्मदाखला."

"शाळेचा दाखला हाये नं पेटीत."

"तो नाही चालत. जन्माची नोंद लागते, आईबापाच्या नावासकट. त्याच्यावर मुंबईले मंत्रालयात शिक्का मारून आणा लागतो. वीस जानेवारीच्या आत बठ्ठं पाठवायचं हाये."

धुरपदाबाईनं वर अडकवलेला विळा खाली घेतला नाही. मग जोरानं हिसडा दिला. पान फाटत खाली आलं आणि तिच्या खांद्यावर पडलं.

"तुझ्या आबाले सांग," ती मागच्या तोतारामकडं मान करून म्हणाली.

गोष्ट अशी होती की, कामिनी धुरपदाबाईच्या पोटची नव्हती. धुरपदाबाईची धाकटी बहीण कुंदाबाई दोंडाईच्याला दिलेली. तिला तीन मुलींवर चौथी मुलगी झाली, तेव्हा धुरपदाबाईच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. अकराव्या दिवशी तिनं ती पोर गोधडीत गुंडाळून सुरतेकडून येणाऱ्या गाडीनं जळगावला आणि तिथून एसटीनं गावाला आणली. कागद-बिगद काही केला नाही. कोणाला सुचलंही नाही. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं तेव्हा तोतारामनं बापाचं नाव तोताराम, आईचं नाव धुरपदाबाई असं सांगितलं. तेच पुढं दहावीच्या, बारावीच्या, पदवीच्या कागदावर आलं, आधारकार्डावर आलं आणि मागच्या वर्षी काढलेल्या पासपोर्टावरही आलं. लपवलेलं काही नव्हतं. गावाला ठाऊक होतं, कामिनीलाही लहानपणापासून ठाऊक होतं. ती कुंदाबाईला मावशी म्हणायची, आणि कुंदाबाई तिला 'अक्काची पोर' म्हणायची. घरात त्यावर कोणी बोलत नसे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तोताराम ग्रामपंचायतीत गेला. तिथल्या वहीत नोंद नव्हती. ती असणारच नव्हती. 'नोंद आढळत नाही' असं लिहून घेऊन तो बाहेर पडला तेव्हा पायरीवर झिपरू भेटला. झिपरू त्यांच्या शेजारचा, लोकांचे तहसिलीतले कागद करून देण्यात त्याचा दिवस जायचा.

"याच्यात काय हाये, तोतारामभाऊ?" झिपरू म्हणाला. "पोर घरीच झाली, सुईण वारली, नोंद करायची राहून गेली, म्हणायचं. धुरपदाकाकूनं प्रतिज्ञापत्र द्यायचं, खाली दोन साक्षीदार. एक मी. उशिराची नोंद होऊन जाते. हजारो लोकांची झाली."

कामिनी त्या दिवशी जळगावला फोटो काढायला आणि एक गुणपत्रक आणायला गेली होती. तिची वाट न पाहता तोताराम, धुरपदाबाई आणि झिपरू असे तिघं जामनेरला गेले. कचेरीसमोर निंबाखाली टंकलेखक बसले होते. त्यातल्या एकानं झिपरूकडून माहिती घेत घेत कागद केला आणि वाचून दाखवला: "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझी मुलगी कामिनी हिचा जन्म माझे पोटी, माझे राहते घरी झाला असून..."

"पुन्हा वाचा बरं," धुरपदाबाई म्हणाली.

त्याला वाटलं काही चुकलं. त्यानं पुन्हा वाचलं. माझे पोटी, माझे राहते घरी.

"बरोबर आहे ना, मावशी?"

धुरपदाबाईनं मान हलवली. ती चौथीपर्यंत शिकलेली, सही करायची. एरवी तिला एका सहीला बराच वेळ लागायचा. त्या दिवशी तिनं एकदाही हात न उचलता नाव लिहिलं. कागद तिनं तोतारामकडं दिला नाही. पदराखाली धरून घरी आणला.

संध्याकाळी कामिनी आली, पाय धुतले, चहा घेतला. धुरपदाबाईनं कागद तिच्यापुढं ठेवला आणि परातीशी जाऊन बसली. कामिनीनं उभ्या उभ्या वाचला. मग खाटेवर बसून पुन्हा वाचला.

"आई, हे खोटं हाये."

धुरपदाबाईचे हात पिठात थांबले.

"काय खोटं?"

"मी दोंडाईच्याले झाली. तठी नगरपालिकेच्या दवाखान्यात. तठी नोंद असीनच. अठी दुसरी केली अन् उद्या दोन्ही सापडल्या तर मले तिकडून परत पाठवतीन. अन् सहीच्या पायी तुले कोर्टात उभी करतीन."

"पंचवीस वर्सं खोटं नव्हतं. आज झालं."

"मी तसं कव्हा म्हटलं?"

"आताच म्हटलं तू."

तोताराम दारात विडी ओढत बसला होता. त्यानं मान वळवली नाही. धुरपदाबाईनं पीठ मळायला घेतलं. ते आधीच मळून झालेलं होतं, तरी ती बुक्क्या मारत राहिली. कामिनी उठून तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"कागद खोटा म्हटला मी, आई. तुले नाही म्हटलं." तिनं मोबाइल काढला. "तिकडच्या विद्यापीठातल्या बाईले मी कालच लिहून विचारलं. बठ्ठं सांगितलं, मावशीचं, तुमचं, शाळेचं. तिचं उत्तर आलं आज. म्हणे, जशी नोंद हाये तशी पाठव, अन् दोन्ही घरच्यांचं एक प्रतिज्ञापत्र लाव, खरं खरं लिहिलेलं. चालतं म्हणे."

"तू मले न विचारता त्या बाईले सांगितलं?"

"तुम्ही मले न विचारता जामनेरले गेले."

तव्यावर भाकरी पडली. जेवताना तोताराम एवढंच म्हणाला, "तुम्ही दोघी जा दोंडाईच्याले. पानायचं मी पाह्यतो."

सकाळी बांधावर धूर करायला धुरपदाबाई एकटीच गेली. पाचोळा दवानं भिजून जड झालेला, पेटता पेटेना. तिनं कमरेला खोचलेला जामनेरचा कागद काढला, उलगडला, त्यातली ती ओळ बोटानं शोधून काढली. मग घडी करून पाचोळ्याखाली सारला आणि काडी ओढली. कागदानं पटकन धरलं. पाला बराच वेळ नुसता धुमसत राहिला.

दोंडाईच्याच्या स्टेशनात उतरलं की हंगामात आधी नाकाला कळतं. शहराबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात. नजर जाईल तिथवर लाल जमीन, आणि त्यात ओळीनं बसलेल्या बाया. कुंदाबाई घरी नव्हती म्हणून दोघी तिकडंच गेल्या. तोंडाला फडकी बांधलेल्या साठ-सत्तर बायांमध्ये कोण कुठली ओळखू येत नव्हतं. दोघींना शिंका लागल्या, डोळ्यांना धारा लागल्या. शेवटी एका ओळीतून एक बाई उठली, हात अंगापासून लांब धरून चालत आली आणि फडकं खाली ओढलं.

"अक्का? काय व्हयनं? तोतारामभाऊ बरा शे ना?"

"बरे हायेत. बस तू, काम कर. सांगते."

कुंदाबाई धुरपदाबाईहून सहा वर्षांनी लहान, पण दिसायला मोठी वाटायची. तीस वर्षं तिकडं राहून तिची बोली पार बदलली होती. माहेरचा एक शब्द तिच्या तोंडात उरला नव्हता. मिरचीचा देठ खुडत खुडत, मध्येच खोकत, तिनं सगळं ऐकलं. सांगत होती ती कामिनीच. धुरपदाबाई बाजूला मिरच्यांत हात घालून देठ खुडायला लागली होती.

"म्हंजे कागदवर मनं नाव लागी?" कुंदाबाईनं विचारलं.

"तुझंच लागीन, मावशी. नोंद तुझ्या नावाची हाये."

"मंग अक्कानं?"

"तिचं दुसऱ्या कागदावर."

कुंदाबाईनं धुरपदाबाईकडं पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. चार-सहा मिरच्या टोपलीत पडल्या.

"माले काही अडचण नही," कुंदाबाई म्हणाली. "पण त्यास्ले इचारनं पडी."

ते म्हणजे तिचा नवरा अभिमन. आयुष्यभर बाजारात हमाली केलेला, आता पाठीनं घरी बसलेला. संध्याकाळी त्यानं पाहुण्यांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, बोलणं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नही जमाव. सह्या-बिह्या मी करत नही."

"अभिमनभाऊ, पोरीच्या जन्माचा सवाल हाये," धुरपदाबाई म्हणाली.

"सवाल शे ते मालेबी समजस. पण नही जमाव."

का, ते सांगेना. कुंदाबाईनं दोनदा विचारलं, मग तिचा आवाज चढला. तसा तो उठला, कोनाड्यातली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि रेशनकार्ड कामिनीच्या पुढ्यात टाकलं. तिनं उघडलं. नावांच्या रकान्यात सगळ्यात खाली लिहिलं होतं: बेबी, मुलगी.

"हे कोण?" कामिनीनं विचारलं.

"तूच शे," अभिमन भिंतीकडं पाहत म्हणाला. "जनमनी तव्हय लिखेल. काढाले गऊ नही. पाच जण म्हणीसन धान्य भेटे, तुनं धरीसन सहा जणंनं उचलं. बाकी पोरी सासरले गयात, त्यास्ना नावं काढात. तुनं राही गयं. आते मी सही करी देसू, की ही पोर अकरा दिवसनी व्हती तव्हय गई, तं ते म्हणतीन ना, इतला सालनं धान्य कोनी खादं?"

कुंदाबाईनं कपाळाला हात लावला. मिरचीचा हात होता; लगेच चुरचुरलं आणि ती पदरानं पुसत बसली. कामिनीला हसू आवरेना. ती हसत हसत म्हणाली, "काका, मी बेबी?" आणि मग तिच्या लक्षात आलं की म्हातारा हसत नाही. त्याचे कान लाल झाले होते. मेहुणीपुढं, शिकलेल्या पोरीपुढं हे बोलावं लागलं म्हणून तो अंग चोरून बसला होता.

वहीतलं पान फाडून तिथंच बसून कामिनीनं नाव कमी करायचा अर्ज लिहिला. "हा उद्या आधी देऊ, काका. मी येते तुमच्यासंगं. काही विचारलं तर मी सांगीन. मीच तर खाल्लेलं धान्य हाये ते."

"तू कोठे खादं?" अभिमन पुटपुटला. पण त्यानं अंगठा पुढं केला.

पुरवठ्याच्या कचेरीत कोणी काही विचारलं नाही. कारकुनानं अर्ज घेतला, नावावर आडवी रेघ मारली, सही केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. अभिमन बराच वेळ खिडकीशीच उभा होता.

तिथून सगळे नगरपालिकेत गेले. जन्ममृत्यूच्या खोलीतला कारकून तरुण होता, स्वेटर घातलेला, बोलायला नीट. त्यानं साल विचारलं, महिना विचारला, जाडजूड रजिस्टर काढून पानं उलटली. मध्येच थांबून बोट ठेवलं.

"ही बघा. मुलगी. आई कुंदाबाई अभिमन, वय सव्वीस, व्यवसाय मजुरी. अगोदरची अपत्यं तीन." त्यानं वर पाहिलं. "नावाच्या रकान्यात काही नाही. तेव्हा ठेवलं नव्हतं का?"

"नही," कुंदाबाई म्हणाली.

"आता घालता येईल. आईवडिलांचा अर्ज लागतो." त्यानं छापील अर्ज काढला आणि भरायला सुरुवात केली. "नाव काय लिहायचं? आईनं सांगा."

धुरपदाबाईचे ओठ हलले आणि मिटले. कुंदाबाईनं सांगायला तोंड उघडलं, मग बहिणीकडं हात केला.

"तिले इचारा. नाव तिनी ठेयेल शे."

"तुम्ही कोण?" कारकुनानं धुरपदाबाईला विचारलं.

धुरपदाबाईनं पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं.

"अर्जदार आई आहे, त्यामुळे मला आईकडूनच पाहिजे," कारकून समजुतीनं म्हणाला. "तुम्ही एकमेकींत ठरवून सांगा, घाई नाही."

कुंदाबाई बहिणीच्या जवळ सरकली. "सांग, अक्का."

"कामिनी," धुरपदाबाई म्हणाली.

"कामिनी," कुंदाबाईनं कारकुनाला सांगितलं. त्यानं लिहिलं.

दाखला तीन दिवसांनी मिळणार होता. जाऊन येण्यापेक्षा दोघी तिथंच राहिल्या. कुंदाबाईला काम चुकवणं परवडत नव्हतं, आणि नुसतं घरात बसून राहायचं दोघींना जमेना. मग तिघी पथारीवर जाऊन एका ओळीत बसू लागल्या. कामिनीला पहिल्याच दिवशी मिरची बाधली. बोटांच्या पेरांची आग व्हायला लागली, पाण्यात घातली तर वाढली. घरी आल्यावर कुंदाबाईनं तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि गोडंतेल लावून एकेक बोट चोळत बसली. धुरपदाबाई चुलीपुढं होती. तिनं एकदा पाहिलं, लाकूड आत सारलं, पुन्हा पाहिलं. "जास्ती चोळू नको, साल निघीन," ती म्हणाली. कुंदाबाईनं हात थांबवले. मग धुरपदाबाईच म्हणाली, "अंगठा राह्यला तिचा. तो लाव."

दाखला हातात आला. आता प्रतिज्ञापत्र राहिलं. शिंदखेड्याला कचेरीजवळ एक वयस्क टंकलेखक होता, चष्म्यावरून पाहणारा. कामिनीनं मजकूर लिहून नेला होता. पण त्याला आपल्या पद्धतीनं लिहायची सवय होती.

"लिहून देणार क्रमांक एक, कुंदाबाई. नातं, जन्मदाती आई. दोन, अभिमन, जन्मदाते वडील. तीन..." त्यानं धुरपदाबाईकडं पाहिलं. "मुलीशी नातं?"

"आई," धुरपदाबाई म्हणाली.

"आई वर झाली. एका मुलीला दोन आया कशा टाकू, बाई?"

"सांभाळणारी आई लिहा," कामिनी म्हणाली.

"दत्तकपत्र आहे? रजिस्टर केलेलं?"

"नाही."

"मग मी तसं लिहिलं तर समोरचा ते मागेल. कुठून देणार? माझं काय जातं, तुमचाच कागद अडकेल." त्यानं चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "नात्यानं या मावशी लागतात ना? सख्ख्या? तेच लिहावं. मावशी. खाली सविस्तर घालू, सांभाळ केला, शिकवलं, सगळं घालू."

कामिनी त्याच्याशी वाद घालायला पुढं सरकली. तिचा चेहरा तापला होता. धुरपदाबाईनं तिचं मनगट धरलं.

"लिहा," ती म्हणाली. "मावशी."

यंत्राचा खडखड आवाज झाला. तिला वाटलं होतं त्याहून तो लवकर संपला.

"पुढं?"

"अकराव्या दिवसापासून लिहा. त्याची तारीख टाका. नऊ डिसेंबर. सन दोन हजार. वार शनिवार व्हता." टंकलेखक टंकत होता, तशी ती एकेक शब्द सांगत गेली. "तव्हापासून आजपावतो माझ्या घरी. एक दिवसही दुसरीकडं नाही."

"'एक दिवसही' कशाला?"

"लिहा."

त्यानं लिहिलं. कुंदाबाई आणि अभिमन यांचे अंगठे झाले. तोतारामची सही जळगावला वेगळ्या कागदावर घ्यायची होती. धुरपदाबाईनं पेन हातात घेतलं. टंकलेल्या 'मावशी' या शब्दाच्या पुढं टिंबं होती, त्यावर सही करायची होती. या वेळी तिला वेळ लागला. धु नीट उमटला नाही, तो तिनं पुन्हा गिरवला.

बाहेर आल्यावर कामिनी म्हणाली, "आई, नुसता कागद हाये तो."

"मले माहीत हाये." धुरपदाबाईनं तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. "तूच म्हटलं व्हतं नं, खरा पाह्यजे."

मुंबईचा शिक्का मारून कागद एकोणीस जानेवारीला गेले. चार दिवसांनी उत्तर आलं, की सगळं पोचलं, काही हरकत नाही. व्हिसाला महिना लागला. तोवर थंडी ओसरली, उन्हं तापू लागली, आणि तोतारामच्या बागेत अडलेले पोंगे एकदम उलगडून आले. पहिले घड निसवायला लागले असताना कामिनीचं तिकीट ठरलं. जळगावहून सकाळच्या गाडीनं मुंबई, तिथून पुढं विमान. मुंबईपर्यंत तोताराम जाणार होता. बाग सोडून दोघांनी जाणं शक्य नव्हतं. ते बोलून दाखवायची गरजही कोणाला वाटली नाही.

जळगावच्या फलाटावर धुरपदाबाई सामानाजवळ उभी होती. सुरतेकडची गाडी आली आणि तिच्यातून कुंदाबाई उतरली, एकटी. कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. कामिनी पाया पडली तेव्हा तिनं नुसती पाठीवरून हात फिरवला. मग कामिनी धुरपदाबाईच्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. धुरपदाबाईला तिला उठवावं लागलं.

"पोचली का फोन कर," ती म्हणाली. "तठी लय थंडी हाये म्हणे. कानाले बांधत जा."

"हो."

"अन् तुझ्या आबाले व्हीटीवर एकटं सोडू नको. त्याईले गर्दीत समजत नाही."

"हो, आई."

गाडी आली, थांबली, आणि सामान चढवायच्या धांदलीत निघूनही गेली. खिडकीतला हात थोडा वेळ दिसला. मग शेवटचा डबा गेला आणि समोरचा रिकामा फलाट दिसायला लागला.

दोघी बाकावर बसल्या. कुंदाबाईच्या परतीच्या गाडीला तीन तास होते. ती पाणी प्यायली, खोकली आणि तिनं बाटली पिशवीत ठेवली.

"अक्का, एक सांगू?"

"सांग."

"तू पोर लई गई ना, त्या दिवसले माले रडू नही उनं. बठ्ठ्या बाया म्हणेत, रड, मोकळी व्हय. पण माले झोप लागनी. दहा-अकरा दिवसमा पहिल्यांदा अशी झोप लागनी." ती समोरच्या रुळांकडं पाहत होती. "त्यानीच लाज वाटस माले. आजबी वाटस."

एक हमाल गाडा ओढत समोरून गेला. तो पुढं गेल्यावर धुरपदाबाई म्हणाली, "मले नव्हती लागत झोप. तिचा श्वास ऐकत बसू. वाटे, तू येशीन अन् माघारी मांगशीन."

"कितला दिवस?"

"ती पहिलीत गेली तोवर."

कुंदाबाईनं मान खाली घातली. "एकदाव निंघनू व्हती मी. तीन सालनी व्हती ती. घरमा सांगं नही. अमळनेरलगून उनू. गाडीमा एक बाईनी इचारं, कोठे चालनी, माय? माले सांगता नही उनं कोठे चालनी ते. मंग तठेच उतरनू नि परत गऊ."

धुरपदाबाईनं बहिणीकडं पाहिलं. पंचवीस वर्षांत ती हे पहिल्यांदा ऐकत होती. राग यावा असं तिला वाटलं, आणि तो आला नाही. अमळनेरच्या फलाटावर तरण्या वयाची कुंदी, हातात पिशवी, उलट्या गाडीची वाट पाहत बसलेली. एवढंच तिला दिसत राहिलं. तिचे डोळे भरून आले. सकाळपासून ते कोरडे होते.

मग धुरपदाबाईनं डोळे पुसले आणि उठून उभी राहिली.

"चाल."

"कोठे?"

"घरी. चार दिवस राह्य. घरात मी एकटीच हाये, तुझे भाऊ परवा येतीन. बाग पाह्य. तिची पुस्तकं पडलीत, तिचं बठ्ठं हाये तठी. पाह्यलंच कुठं हाये तू."

"काममा खाडा पडी."

"पडू दे."

कुंदाबाईनं पिशवी उचलली. दोघी पुलाचा जिना चढून स्टेशनाबाहेर आल्या, रिक्षानं स्टँडवर गेल्या. पहूरची गाडी लागलेलीच होती. आत गर्दी होती, पण मागं एक बाक मोकळं मिळालं. "तुले खोकला हाये, तू खिडकीशी बस," धुरपदाबाई म्हणाली, आणि कंडक्टर आला तेव्हा तिनं दोन तिकिटं मागितली.